हंड्याचं मान्य, नंबराचं नाही

परळीकर दादा, रामराम.

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली आणि आधी रागच आला. दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की ज्या वाक्याचा सगळ्यात जास्त राग आला होता, नेमकं तेच बरोबर आहे. म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी कविता राऊतवर लिहिलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही मुलगी २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावली. त्यावर 'एक परळीकर' या नावानं लिहिणाऱ्या दादांनी लिहिलं ते असं: "दीडशे बायकांत एकशे विसावी आली, तिच्यावर एवढं लिहायचं कारण काय? पहिली बाई आंघोळ करून जेवायला बसली असेल तवा ही पोचली. आणि हंडे वाहून पाय तयार झाले हे काय आहे? माझ्या मायनं चाळीस वर्षं हापशावरून पाणी आणलं. तिचे गुडघे गेले, ऑलिम्पिक नाही आलं. मास्तरीणबाई, दुष्काळाची कविता शहरात विका. लिहायचंच तर आमच्या आष्टीच्या साबळेवर लिहा. नाशिकच्या पोरीचं आम्हाला काय?"

आधी हंडा. माझं मूळ वाक्य होतं, "डोक्यावरच्या हंड्यानं तिची मान ताठ केली आणि डोंगरउतारानं पाय." लिहिलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. दोन जणांनी ते स्टेटसला पण ठेवलं. आता वाचवत नाही.

मी लातूरची. २०१६चा उन्हाळा काय होता हे मला कुणी सांगायची गरज नाही, तरी लिहिताना मीच विसरले. त्या वर्षी पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावली होती. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि लोक ती बघायला गेले. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. रात्री दोनला आला तर दोनला, पहाटे पाचला आला तर पाचला. मी त्याआधी रोज सकाळी चार-पाच किलोमीटर पळायची. स्पर्धेबिर्धेसाठी नाही, शाळेत असताना जिल्ह्याला ८०० मीटर पळाले होते तेव्हापासूनची सवय. त्या उन्हाळ्यात सवय मोडली. पळायची वेळ तीच टँकरची वेळ. रांगेत उभं राहायचं, दोन कळश्या आणि एक घागर भरायची, दुसरा मजला चढायचा, परत यायचं. चार महिन्यांत एकही दिवस पळाले नाही. पाणी वाहिल्यानं माणूस धावायला लागत असता तर मी जूनमध्ये जिल्ह्यात पहिली आले असते. पावसाळा लागला तेव्हा मला जिन्यात दम लागत होता.

तेव्हा दादा, तुमच्या मायच्या गुडघ्यांचं जे झालं ते होणारच होतं. डोक्यावर ओझं घेऊन, चुंबळीवर मान स्थिर ठेवून सावकाश चालणं आणि लांब पल्ल्याचं धावणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. धावणाऱ्याला ओझं नको असतं. त्याला हलकं अंग लागतं, हळूहळू वाढवत नेलेलं अंतर लागतं आणि मुख्य म्हणजे पळून आल्यावर पडून राहायला मिळावं लागतं. पळताना स्नायू झिजतात, ते भरून येतात झोपेत आणि जेवणात. पाणी आणून झाल्यावर भाकरी थापायला बसणाऱ्या बाईचं भरून कधी यायचं?

आणि रक्त. मॅरेथॉन सगळी रक्तावर चालते. फुप्फुसातला प्राणवायू पायांपर्यंत न्यायचं काम हिमोग्लोबिनचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आमच्या शाळेत मुलींची तपासणी होते तेव्हा कागदावर ८ आणि ९ असे आकडे बघते मी. अशा पोरीला कसली ताठ मान आणि कसला डोंगरउतार! ती तासाला उभी राहिली तरी चक्कर येते.

कविता घडली ती हंड्यामुळे नाही, हंडा सुटल्यामुळे घडली. ती नाशिकला आली, विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला, रोजचा सराव, बरोबरीच्या मुली, पुढे ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत नोकरी. लहानपणी अनवाणी पळणं आणि पाणी भरणं हे घडलं होतं, ते खोटं नाही. पण ते तिच्या वाटेतलं होतं, तिच्या बाजूचं नव्हतं. तिच्याच पाड्यात तिच्याच वयाच्या मुलींनी तेवढेच हंडे वाहिले असतील. त्र्यंबक तालुक्यात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात तिथल्या बायका घोटभर पाण्यासाठी दरीत उतरतात, हे आपल्यापेक्षा वेगळंच दुखणं आहे. त्या बाकीच्या मुली मला माझ्या वाक्यात दिसल्या नाहीत. तुम्ही दाखवल्या. ते वाक्य आज काढलं.

आता नंबर. इथं मी मागे हटणार नाही.

पहिली आलेली जेमिमा सुमगाँग २ तास २४ मिनिटं ४ सेकंदांत पोचली. कविता २ तास ५९ मिनिटं २९ सेकंदांत, म्हणजे पस्तीस मिनिटं मागे. तुमचा आंघोळीचा हिशोब चुकीचा नाही. पण पहिल्या बाईचं पुढं काय झालं ते पण सांगायला पाहिजे. रिओनंतर सहाएक महिन्यांनी तिच्या चाचणीत ईपीओ सापडलं, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं औषध, आणि चार वर्षांची बंदी आली. दुसरी आलेली बहारीनची युनिस किरवा, तिच्यावरही २०१९ मध्ये त्याच औषधावरून कारवाई झाली. पदकं दोघींकडेच राहिली, कारण सापडलेले नमुने रिओनंतरचे. मी असं म्हणत नाही की म्हणून कविता वर सरकते. ती १२०वीच. पण 'नंबर म्हणजे सगळं' असं म्हणायचं असेल तर वरचे दोन नंबर हातात घेऊन बघा, कसे लागतात.

आणि १२० म्हणजे किती? इथं आपल्याकडं पहाटे रस्त्याकडेनं पळणाऱ्या पोरी तुम्ही बघता ना, पोलीस भरतीच्या? त्यांना ८०० मीटर असतं. त्या ८०० मीटरसाठी वर्ष वर्ष अकादमीत घालतात, बाप शेत गहाण टाकतो. कवितानं रिओत जो वेग ठेवला तो किलोमीटरला सव्वाचार मिनिटं, म्हणजे ८०० मीटर साधारण ३ मिनिटं २४ सेकंदांत. भरतीच्या पोरीला हे जमतं, चांगल्या पोरी याहून पुष्कळ पुढे असतात. मग असं करा, ते ८०० मीटर झाल्यावर थांबायचं नाही. लगेच दुसरे. मग तिसरे. असे बावन्न. ऑगस्टच्या उन्हात. मी लातूरच्या क्रीडा संकुलात एकदा प्रयत्न केला होता, हसू नका. पहिले दोन झाल्यावर बाकावर जाऊन बसले.

त्या शर्यतीत दीडशेच्या वर बायका उभ्या राहिल्या होत्या आणि वीसेक जणींनी वाटेतच सोडली. त्या ऑलिम्पिकच्या खेळाडू. त्यांना जमलं नाही.

तरी एक गोष्ट तुम्ही म्हणायला हवी होती आणि म्हणाला नाहीत, ती मीच म्हणते. कविता याहून पुष्कळ चांगली धावू शकत होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत दक्षिण आशियाई स्पर्धेत तिनं मॅरेथॉनचं सुवर्ण घेतलं ते २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत. रिओला पात्र ठरायचा निकष २ तास ४५ मिनिटं होता, तो तिनं सहा मिनिटं राखून पार केला होता. सहा महिन्यांत एकवीस मिनिटं गेली कुठं? हा प्रश्न मला 'एकशे विसावी' या शब्दापेक्षा जास्त छळतो.

थोडं तरी कळतं. मॅरेथॉन ही तिची मूळ शर्यत नव्हे. ती ५ आणि १० हजार मीटरची धावपटू. २०१०चं साल आठवा. दिल्लीच्या राष्ट्रकुलमध्ये १० हजार मीटरला कांस्य, राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई. लगेच दीड महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य, ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद. सुवर्ण घेणारी प्रीजा श्रीधरन, आपलीच, सेकंदाहूनही कमी अंतरानं पुढे. पंचवीस फेऱ्या मारून एका सेकंदाचा फरक. त्यावेळी तिचं वय पंचवीस. रिओला ती एकतीस वर्षांची होती आणि तोवर मॅरेथॉनकडे वळली होती. दहा हजाराच्या पायांना बेचाळीस किलोमीटर शिकवायला वेळ लागतो. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अंगात साठवलेली साखर संपते आणि पाय दुसऱ्या कुणाचे तरी वाटायला लागतात. धावणारे त्याला 'वॉल', म्हणजे भिंत, म्हणतात. तिच्याशी ओळख व्हायला चार-सहा मॅरेथॉन जाव्या लागतात.

आणि मग पाणी आलंच. तुम्हाला आठवत असेल, त्या शर्यतीतली आपली दुसरी धावपटू केरळची ओ. पी. जैशा ८९वी आली, २ तास ४७ मिनिटं १९ सेकंद, आणि रेषा ओलांडून कोसळली. वाटेवर आपल्या देशाच्या टेबलाशी पाणी द्यायला कुणीच नव्हतं असं ती म्हणाली. ॲथलेटिक्स महासंघानं ते नाकारलं, पेय द्यायची तयारी होती, खेळाडूंनीच नको म्हटलं असं त्यांचं म्हणणं. कवितानंही आपली तशी तक्रार नसल्याचं सांगितलं. क्रीडा मंत्रालयानं चौकशी लावली. मी तिथं नव्हते, त्यामुळे कोण खरं यावर काही बोलत नाही. पण लातूरमध्ये बसून, त्याच वर्षी रेल्वेचं पाणी पिऊन, टीव्हीवर रिओचे ते बाटल्या मांडलेले टेबल बघताना माझ्या घशाला कोरड पडली होती, हे मात्र लेखात लिहायचं राहून गेलं. ते लिहायला हवं होतं. हंड्याऐवजी ते लिहिलं असतं तर तुमची प्रतिक्रियाच आली नसती कदाचित.

मागे पोचणाऱ्या बायकांबद्दल अजून एक. बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये आली १९८४ला, लॉस एंजेलिसमध्ये. त्याआधी १९२८ला बायकांना ८०० मीटर धावू दिलं, शेवटी दमून काही जणी आडव्या झाल्याचा बोभाटा झाला आणि ती शर्यतच काढून टाकली ती १९६० पर्यंत. पुरुष दमून आडवे झाले की त्याला जिद्द म्हणतात, ते असो. तर १९८४च्या त्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस नावाची एकोणचाळीस वर्षांची बाई शेवटच्या पाण्याच्या टेबलाजवळून पाणी न घेताच पुढे गेली आणि मैदानात आली ती एका बाजूला वाकून, एक हात लोंबत, झोकांड्या खात. डॉक्टर धावले. तिनं त्यांना हात लावू दिला नाही, कारण हात लागला की शर्यतीतून बाद. तिला अजून घाम येतोय हे पाहून डॉक्टरांनी तिला जाऊ दिलं. मैदानातल्या त्या शेवटच्या टप्प्याला तिला पावणेसहा मिनिटं लागली. तिचा नंबर ३७वा. त्या शर्यतीत पहिली जोन बेनॉइट हे खेळ पाहणाऱ्यांना ठाऊक असतं. पाचवी कोण, सातवी कोण, हे मलाही बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. सदतिसावी मात्र सगळ्यांना माहीत आहे.

आता साबळे. अविनाश साबळेबद्दल अभिमान मलाही आहे, तुमच्याइतकाच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये केनियाच्या धावपटूंच्या मधे घुसून स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचं, रौप्य घेतो, ८ मिनिटं ११.२० सेकंद, तेव्हा मी घरात ओरडले होते आणि शेजारच्या काकू काय झालं म्हणून आल्या होत्या. पण त्याचीही गोष्ट आपण हंड्यासारखीच सांगतो. लहानपणी शाळेला सहा किलोमीटर चालत जायचा, म्हणून धावपटू झाला. आपल्या भागातली निम्मी पोरं चालतच शाळेला गेली. साबळे खरा धावायला लागला तो फौजेत गेल्यावर. पगार, जेवण, प्रशिक्षक, आणि दिवसातून दोनदा पळणं हीच नोकरी. फौजेनं त्याला जे दिलं ते मांडव्यातल्या त्याच्या बरोबरीच्या एखाद्या मुलीला कुणी दिलं असतं? ती बारावीला असताना तिच्या लग्नाची बोलणी चालू झाली असती.

हे मी हवेत बोलत नाही. सात-आठ वर्षांमागे आमच्या शाळेत एक मुलगी होती. पायात चप्पल, शर्यतीत ती पण काढून ठेवायची. मी घड्याळ लावून बघितलं, आठवीतली पोर ८०० मीटर अशी पळाली की मी घड्याळच बिघडलं समजले. जिल्ह्याला नेली, दुसरी आली. विभागाला न्यायची तयारी केली. दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आली नाही. आई-बाप टोळीबरोबर ऊसतोडीला गेले होते, धाकट्या भावाला सांभाळायला तिला बरोबर नेलं होतं. मार्चमध्ये परत आली ती वर्गात मागच्या बाकावर बसायची. पळायचं विचारलं की हसायची. दहावी झालं की लग्न. हे तुमच्या जिल्ह्यातलं आहे का माझ्या, ते सांगत नाही. दोन्हीकडे सारखंच आहे.

म्हणून नाशिकच्या पोरीचं आम्हाला काय, याला माझं उत्तर इतकंच आहे की तिच्या गोष्टीतून मला आमच्या पोरींना काय मिळालं नाही ते कळतं.

पण तुमचा टोमणा निम्मा लागू पडतोच. मराठवाड्याची बाई मी घेतली नाही. आहे तर घ्यायला हवी होती, आणि आहे. परभणीची ज्योती गवते. २०१७ला मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली, २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. पुढची दोन्ही वर्षं दुसरी, दोन्ही वेळा सुधा सिंगच्या मागे, आणि २०१९ला तर २ तास ४५ मिनिटं ४८ सेकंदांपर्यंत आली. परभणीत, रवी रासकटला यांच्या हाताखाली, परभणीच्या उन्हात. म्हणजे रिओचा जो २ तास ४५ मिनिटांचा निकष होता त्याच्या पंचेचाळीस-पन्नास सेकंदांवर. पण तोवर रिओ होऊन गेलं होतं आणि टोकियोचा निकष एकदम २ तास २९ मिनिटं ३० सेकंदांवर नेऊन ठेवला. जैशाचा २०१५चा राष्ट्रीय विक्रमही २ तास ३४ मिनिटं ४३ सेकंदांचा. पॅरिसला तर २ तास २६ मिनिटं ५० सेकंद. टोकियोत आणि पॅरिसमध्ये मॅरेथॉनला भारताची एकही बाई उभी नव्हती. आता सांगा, १२० हा नंबर छोटा वाटतो का अजून? यायला आधी जावं लागतं.

ज्योतीवर सविस्तर लिहिते. परभणीला जाऊन, तिथल्या पळणाऱ्या मुलींना भेटून लिहीन, घरी बसून नाही. तोवर, खेळात मराठवाड्याच्या बायका नाहीतच असं कुणी म्हणालं तर त्याला धाराशिवला पाठवा, खो-खोच्या मैदानावर. सारिका काळेला २०२०ला अर्जुन मिळालाय तिथून.

'मास्तरीणबाई' म्हटल्याचं वाईट वाटलं नाही. आहेच मी. 'कविता शहरात विका' याचं वाटलं थोडं, पण वर सांगितल्यासारखं, हक्काचं होतं ते.

एक विचारायचं होतं. मायचे गुडघे आता कसे आहेत? माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे मागच्या वर्षी बदलले. आधी फार भीती होती, पैशाची पण होती. सरकारी योजनेत थोडं बसलं, थोडं उधार-उसनवार केलं. दीड महिन्यात त्या काठीवर गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागल्या. कागदपत्रं काय काय लागली ते सगळं माझ्याकडे लिहून ठेवलेलं आहे. उजवीकडच्या पत्त्यावर मेल टाका, पाठवते.